नाव शिवाराचे, भाव कुणाचा?



आपण कापूस-ज्वारीवाले. वैतरणेला जमून वाइनच्या बाटलीवरच्या नावाची चर्चा आपण कशाला करायची, असे कोणी विचारील. करायची, कारण त्या नावाची लढाई शेतकऱ्यांनीच लढली आहे.

फ्रान्समध्ये शॅम्पेन नावाचा मुलूख आहे. तिथले व्यापारी बाहेरची स्वस्त द्राक्षे रेल्वेने आणीत आणि बाटलीवर नाव मात्र शॅम्पेनचे लावीत. १९११ साली द्राक्षवाले उठले. व्यापाऱ्यांची तळघरे फोडली. सरकारला फौज पाठवावी लागली. १९२७ साली कायद्याने मुलखाची हद्द पक्की झाली. पण खरा फरक पडला तो १९४१ नंतर. त्या साली शेतकरी आणि व्यापारी यांची बरोबरीची समिती झाली आणि पुढे कित्येक वर्षे द्राक्षाच्या भावाचे करार दोघांत होत राहिले.

आपल्याकडे भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ चा. लागू झाला २००३ साली. 'नाशिक व्हॅली वाइन' हे नाव त्याखाली नोंदले गेले. पण नोंद आहे ती वाइनची. वाइनवाल्याने द्राक्ष काय भावाने घ्यावे, याबद्दल कायदा चकार शब्द काढीत नाही. २००८ च्या जागतिक मंदीनंतर वाइनच्या द्राक्षाला गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा बागा उपटल्या त्या शेतकऱ्यांनी.

याच पालघर जिल्ह्यात डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली मानांकन मिळाले. त्याच साली मंगळवेढ्याच्या ज्वारीलाही मिळाले. म्हणजे हा मान फक्त बागाईतदाराचा नाही. कोरडवाहू ज्वारीही त्याला पात्र ठरते. कापसाचे वेगळे आहे. जिनिंगमध्ये सगळ्यांचा कापूस एकत्र झाला, गाठ बांधली, की शिवाराचे नाव संपले.

तेव्हा दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, संस्थेच्या नावाने नोंद झाली म्हणून काम भागत नाही. ते नाव हक्काने वापरायचे तर उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून आपलीही नोंद करावी लागते. मानांकन असलेल्या भागातल्या कार्यकर्त्यांनी आपल्या गावात किती जणांची नोंद आहे, ते आधी मोजावे. दोन, नाव चोरापासून वाचवते, पण भाव देत नाही. भाव मिळतो तो माल एकत्र करून, एकजुटीने बोलणी केल्यावर.

नाव मातीने दिले आहे. त्याचे दाम मात्र आपल्यालाच वसूल करावे लागेल.