क्रमांक आपला, गुन्हा दुसऱ्याचा

अंधेरीच्या ‘एमएच-०२’ किंवा बोरिवलीच्या ‘एमएच-४७’ मालिकेतील वाहन दारात उभे असावे आणि मालकास दंडाचे ई-चलन यावे, असे घडू शकते. जानेवारी २०२५ मध्ये कुलाब्यात ताजमहाल हॉटेलजवळ एकाच क्रमांकाच्या दोन मोटारी आढळल्या. खऱ्या मालकास त्यापूर्वी न केलेल्या नियमभंगांची चलने येत होती.

अशा वेळी दंड मुकाट्याने भरू नये. चलनावरील छायाचित्रातील वाहनाचा रंग, मॉडेल व खुणा पडताळाव्यात. वाहन त्या वेळी अन्यत्र असल्याचा पुरावा जोडून वाहतूक पोलिसांकडे आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी व पोच घ्यावी. रक्कम लहान असेल. परंतु तोच तोतया क्रमांक उद्या अपघातस्थळी दिसला, तर आज नोंदविलेली तक्रारच निरपराध मालकाच्या बाजूने साक्ष देईल.