बालगुन्हेगार आणि परिविक्षा



चोरी करताना सापडलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाला न्यायासनाने ‘सोडून दिले’, असे कानी आले की आपण नापसंतीने मान हलवतो. कायदा मऊ झाला, पोरे सोकावली, असे आपण म्हणतो. या ‘सोडून देण्या’चा अर्थ काय, एवढाच आमचा आजचा विषय आहे.

या पद्धतीला कायद्यात परिविक्षा म्हणतात. तिचा उगम विद्वानांच्या परिषदेत झाला नाही. अमेरिकेतील बॉस्टन शहरी जॉन ऑगस्टस नावाचा जोडे शिवणारा कारागीर होता. १८४१ साली त्याने न्यायालयात एका दारुड्याला जामीन राहून सोडवले आणि काही आठवड्यांनी सुधारलेल्या स्थितीत पुन्हा हजर केले. पुढे तो मुलांसाठीही जामीन राहू लागला. मॅसॅच्युसेट्स राज्याने १८७८ साली याचा कायदा केला. आपल्या मुंबई इलाख्यात मुलांसाठी वेगळा कायदा १९२४ साली आला; सबंध देशासाठी परिविक्षेचा कायदा १९५८ साली झाला.

आज मुलांच्या बाबतीत २०१५ चा बाल न्याय कायदा चालतो. अठरा वर्षांखालील मुलाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. या मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते असतात व त्या दोघांत निदान एक स्त्री असावी लागते. मूल पकडले गेल्याचे परिविक्षा अधिकाऱ्याला कळवायचे, आणि त्याने दोन आठवड्यांत सामाजिक तपासाचा अहवाल द्यायचा. गुन्हा कसा घडला हे पोलीस पाहतात. हा अधिकारी घर पाहतो. बाप कमावता आहे काय, शाळा केव्हा सुटली, संगत कोणाची, व्यसन लागले आहे काय, हे तो विचारतो.

दोष शाबीत झाला, तरी मंडळापुढे अनेक मार्ग असतात. समज देणे, समाजसेवेचे काम लावणे, विशेष गृहात पाठवणे, हे त्यांपैकी काही. परिविक्षा हाही त्यांतलाच एक. मुलाला आईबाप, पालक किंवा मंडळाने योग्य मानलेली व्यक्ती यांच्या हवाली करतात, फार तर तीन वर्षांसाठी. शाळेत जा, धंदेशिक्षण घे, अमुक ठिकाणी फिरकू नको, व्यसनमुक्तीचे उपचार घे, अशी बंधने मंडळ घालू शकते. अधिकाऱ्याने लक्ष ठेवावे, अहवाल द्यावा. सोळा ते अठरा वयाच्या मुलांच्या अतिगंभीर गुन्ह्यांचा मार्ग वेगळा आहे. त्याची गल्लत येथे करू नये.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. मुलाच्या चांगल्या वागणुकीचे हमीपत्र त्याला सांभाळणाऱ्या वडीलधाऱ्याला लिहून द्यावे लागते. म्हणजे कायद्याने भार मोठ्या माणसांच्या खांद्यावर ठेवला आहे. भिंतीआडचा काळ मूल एकट्याने काढते. परिविक्षेचा काळ ते आपल्या आळीत, आपल्या डोळ्यांदेखत काढते. दोषी ठरल्यामुळे पुढे त्याला कोणतीही अपात्रता येऊ नये, त्याचे नाव छापू नये, अशीही कायद्याची आज्ञा आहे. पण कायद्याने पुसलेला डाग आपण रोज बोटाने दाखवत राहिलो, तर अधिकाऱ्याने करावे काय? शाळेने बाकावर जागा दिली नाही, सायकलच्या दुकानदाराने हाताखाली घेतले नाही, की त्या मुलाला जुनी संगत तेवढी खुली राहते. मग पुन्हा चोरी झाली, तर परिविक्षा फसली असे आपण खुशाल म्हणतो.

आईबाप नसलेल्या मुलासाठी ‘योग्य व्यक्ती’ हवी असते. ती आकाशातून पडत नाही. या सभागृहात शिक्षक आहेत, कारखानदार आहेत, निवृत्त मंडळी आहेत. जोडे शिवणारा एक माणूस जे करू शकला, ते आपल्या गावाला जड का जावे? याचे उत्तर तुम्ही आपापल्या घरी शोधावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.