जीपला रंग कोणता द्यावा?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



गाडीला रंग देणे हा एरवी हौसेचा विषय. समुद्राकाठच्या गावात मात्र तो देखभालीचा, म्हणजेच पैशाचा विषय होतो. दापोली तालुक्यातल्या आमच्या केळशीला एका बाजूला समुद्र आहे, दुसऱ्या बाजूला भारजा नदीची खाडी. वाळूच्या टेकडीवरून येणारा वारा बारीक वाळू आणि मीठ दोन्ही घेऊन येतो. मिठाचा गुण असा की हवेतला ओलावा पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेला की ते स्वतःच पाणी ओढून घेते. पावसाळ्यात आमच्याकडे ओलावा त्याच्या खाली क्वचितच उतरतो. त्यामुळे पत्र्यावर बसलेले मीठ दिवसरात्र ओले राहते आणि गंजाचे काम चालू राहते.

आमच्याकडे जीप असते ती कामासाठी. आंब्याच्या पेट्या, नारळ, खताची पोती, वेळप्रसंगी दवाखान्यात न्यायचा माणूस, सगळे तिच्यावर. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावरच्या माडा-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. त्या दिवशी आमच्या जीपवरच्या शेडचे पत्रे उडाले आणि तो पावसाळा तिने ताडपत्रीखाली काढला. पुढे ती रंगवायला काढली तेव्हा घरातल्या मुलांनी मागणी केली, ‘चकचकीत नको, मिलिटरीच्या गाडीसारखा मंद रंग द्या.’ मागणी गैर नव्हती. पण मंद रंग आमच्या हवेत टिकेल का, हा प्रश्न होता. त्यासाठी दापोलीतल्या पेंटरांना विचारले, होड्या रंगवणाऱ्यांना विचारले, थोडे वाचले. त्यातून जे हाती आले ते आज सांगतो.

जीप आणि मंद रंग यांचे नाते दुसऱ्या महायुद्धापासूनचे. उन्हात चमकणारी गाडी शत्रूला लांबून दिसते, म्हणून विलीज जीपला चमक नसलेला हिरवट रंग दिला गेला. आपल्याकडे महिंद्राने १९४७ मध्ये या जीपची जुळणी सुरू केली. मंद रंगाचा आणखी एक खरा फायदा आहे. सपाट बॉनेटवरून परतणारे ऊन चालवणाऱ्याच्या डोळ्यात जात नाही. शिवाय लहानसहान पोचे आणि पत्र्याचा उंचसखलपणा त्यात झाकला जातो. जुन्या जीपला हे सोयीचेच.

आता मंदपणा येतो कसा ते पाहू. रंगाचा थर आरशासारखा गुळगुळीत असला की उजेड एकाच दिशेने परततो, ती चमक. रंगात सिलिकाची बारीक भुकटी घातली की वाळताना पृष्ठभाग डोळ्यांना न दिसण्याइतका खडबडीत होतो आणि उजेड विखुरतो. अडचण इथेच सुरू होते. खडबडीत भागात लाल माती आणि मीठ अडकते. पुसून पुसून तिथे चकाकणारे डाग पडतात. आणि ओरखडा पडला तर पॉलिश करून तो घालवता येत नाही, कारण पॉलिश केले की तेवढीच जागा चमकू लागते. आमच्या गल्ल्या अरुंद, दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, त्यापुढे करवंदीच्या जाळ्या. ओरखडे पडणारच.

चमक मोजण्याचे यंत्र असते. साठ अंशांच्या कोनातून मोजल्यावर चकचकीत रंगाचा आकडा ऐंशीच्या वर जातो, अगदी मॅट रंगाचा दहाच्या खाली राहतो. मधला वीस ते पस्तीसच्या आसपासचा जो रंग, त्याला दुकानात ‘सॅटिन’ किंवा ‘सेमी मॅट’ म्हणतात. माझे मत या मधल्या रंगाला आहे. लांबून तो मंदच दिसतो, बॉनेटवर डोळे दिपत नाहीत आणि पूर्ण मॅटपेक्षा धुवायला सोपा जातो. पूर्ण मॅट रंग सैन्याला परवडतो, कारण गाडी पुन्हा रंगवायला त्यांच्याकडे माणसे आहेत. होडीवाल्यांचेही तसेच. मासेमारीच्या बंदीत, म्हणजे १ जून ते ३१ जुलै या काळात, होड्या ओढून ठेवल्या की डागडुजी आणि रंगकाम निघते. दर वर्षी रंगवायची तयारी असेल तर बहुतेक कोणताही रंग चालतो. आपल्याला सात-आठ वर्षे चालणारा हवा आहे.

मग प्रकार कोणता घ्यायचा? काही मुले स्वस्तात काम व्हावे म्हणून शाळेच्या फळ्याचा काळा रंग गाडीला देतात. पहिले दोन महिने तो छान दिसतो. पण तो घरातल्या फळ्यासाठी केलेला असतो, पावसाशी आणि उन्हाशी त्याची गाठ नसते. साधा सिंथेटिक एनॅमल ब्रशने, रोलरने देता येतो, डबा कुठेही मिळतो. मात्र आमच्या उन्हात त्याची लवकरच खडूसारखी पूड सुटू लागते. गाडीच्या रंगाला आपण सरसकट ‘ड्युको’ म्हणतो. हे मूळ १९२० च्या दशकातल्या एका अमेरिकन लॅकरचे नाव. ते लॅकर झटकन वाळते, पण पेट्रोल-थिनरपुढे टिकत नाही. या सगळ्यांत टिकाऊ म्हणजे दोन डब्यांचा पॉलियुरेथेन, पेंटर ज्याला नुसते ‘पीयू’ म्हणतात. एका डब्यात रंग, दुसऱ्यात हार्डनर. दोन्ही सांगितलेल्या मापातच मिसळावे लागतात आणि मिसळल्यावर काही तासांत संपवावे लागतात.

त्यातही रंगाचा एक थर आणि वर पारदर्शक मॅट थर, अशी पद्धत शोभेच्या गाड्यांना असते. कामाच्या जीपला एकाच रंगाचा पीयू द्यावा. ओरखडा पडला तरी आत तोच रंग दिसतो आणि डागडुजी करणे सोपे जाते. एकाच वेळी अर्धा लिटर रंग जास्त करून घ्या आणि हार्डनर न मिसळता झाकण घट्ट लावून ठेवा. मंद रंगाची छटा नंतर तंतोतंत जुळत नाही.

मात्र खरा टिकाऊपणा वरच्या रंगात नसतो, खालच्या तयारीत असतो. पत्रा उघडा करून गंज पूर्ण काढावा. गंजावर लांबी भरून रंग मारला की वर्षभरात फुगा येतो. फ्लोअर मॅटखालचा पत्रा, चाकांवरचे कोपरे, विंडशील्डच्या चौकटीचे बिजागर, चासीचे आतले पोकळ भाग, गंज इथूनच सुरू होतो. पाणी जायची भोके मोकळी हवीत, जोड सीलरने बुजवलेले हवेत. त्यावर इपॉक्सी प्रायमर. नुसत्या रेड ऑक्साइडवर समुद्राकाठी विसंबू नये.

इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. ओलसर हवेतही नीट वाळणाऱ्या काही इपॉक्सी प्रायमरांचे हार्डनर काजूच्या टरफलाच्या तेलापासून बनवतात. पूर्वी किनाऱ्यावर होडीच्या लाकडाला हेच तेल लावत. म्हणजे आपल्या बागेतली वस्तू कारखान्यातून फिरून डब्यात परत येते. जहाजाच्या रंगाच्या दुकानात असा प्रायमर मिळू शकतो, विचारून पाहावे.

रंगकाम कधी काढावे? पाऊस पूर्ण गेल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पहाटे दव असते, म्हणून काम साधारण दहा ते चारमध्ये उरकावे. पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान तीन अंश जास्त असावे, हा रंगकामातला जुना नियम आहे. पीयूचा हार्डनर ओलाव्याशी भिडला की वायूचे बुडबुडे येतात आणि रंगाला बारीक भोके पडतात. रंगापूर्वी गाडी गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावी. मीठ रंगाखाली अडकले तर सगळी मेहनत वाया जाते.

आता एक गंभीर गोष्ट. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायने असतात. त्यांची फवारणी श्वासात गेली तर कायमचा दमा जडू शकतो. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा कापडी मास्क त्यापुढे काहीच उपयोगाचा नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क सर्वात चांगला. आपण पैसे देऊन काम करून घेतो म्हणून पेंटरच्या छातीची जबाबदारी संपत नाही. तुमच्या गावातल्या पेंटरकडे तशी सोय नसेल तर गाडी मोठ्या वर्कशॉपमध्ये न्यावी, किंवा साधा एनॅमल देऊन दोन-तीन वर्षांनी पुन्हा रंगवावी. जीपच्या रंगासाठी कुणाचा श्वास खर्ची पडू नये.

रंगाची छटा निवडताना कायद्याकडेही पाहा. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ऑलिव्ह ग्रीन हा रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव आहे. लिलावात घेतलेली लष्करी जीपसुद्धा त्या रंगात ठेवता येत नाही. रंग बदलला तर परिवहन कार्यालयाकडून नोंदणी पुस्तकात तशी नोंद करून घ्यावी लागते. काळा मंद रंग दिसायला रुबाबदार, पण उन्हात तो सर्वात जास्त तापतो आणि मिठाचे पांढरे डाग त्यावर उठून दिसतात. आमच्या मुलांची समजूत मी वाळूसारख्या फिकट पिवळट तपकिरी रंगावर घातली. लाल माती त्यावर खपून जाते.

पुढची निगा सोपी आहे. आठवड्यातून एकदा गोडे पाणी आणि सौम्य साबण, मऊ फडके. मेण नको, पॉलिश नको. किनाऱ्याच्या वाळूत गाडी घालूच नये. मीठ तर आहेच, शिवाय आमच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. ओरखडा पडून पत्रा उघडा झाला तर पाऊस येण्याआधी प्रायमरचा हात फिरवावा.

तेव्हा श्रोतेहो, तुमच्या पेंटरशी बोलताना आधी प्रायमर कोणता आणि गंज किती काढणार ते विचारा, छटेचे पुस्तक नंतर उघडा. खर्चाचा आणि वेळेचा मोठा वाटा पत्र्याच्या तयारीला द्या. तयारी पक्की असेल तर मंद रंगही आमच्या खाऱ्या वाऱ्यात बरीच वर्षे साथ देईल.