मुक्या जीवांचे औषध आणि न दिसणाऱ्या जीवांची मोजदाद

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त गणपतीपुळे येथील मेळाव्यात झालेले व्याख्यान)



गणपतीपुळ्याच्या या किनाऱ्यावर हिवाळ्यात उत्तरेकडून कुरव पक्ष्यांचे थवे उतरतात. मासेमारीच्या होड्यांभोवती, खाडीच्या मुखाशी आणि वस्तीजवळच्या उकिरड्यावर ते सारख्याच समाधानाने चरतात. याच पुळणीवर ऑलिव्ह रिडले जातीच्या कासविणी रात्री अंडी घालण्यास येतात, आणि वर रस्त्यावर मोकाट गुरे रवंथ करीत बसलेली असतात. पाहणाऱ्यास ही तीन निरनिराळी जगे वाटतात. जीवाणूंच्या दृष्टीने मात्र ती एकच वस्ती आहे. गुरांना व कोंबड्यांना दिलेल्या औषधांमुळे जे जीवाणू औषधाला दाद देईनासे होतात, ते गोठ्यात थांबत नाहीत. शेणातून शेतात, शेतातून पऱ्ह्यात, पऱ्ह्यातून खाडीत आणि खाडीतून रानच्या व समुद्राच्या प्राण्यांत ते जातात. त्यांच्यावर नजर कशी ठेवावी, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

जैन कुटुंबात वाढलेल्या माणसाला न दिसणाऱ्या जीवांची कल्पना नवी नाही. पाणी गाळून पिण्याचा संस्कार आपल्या घराघरांत आहे. कापडाच्या व्यवसायाशी संबंध असलेल्या उपस्थितांना या संदर्भातील एक गोष्ट विशेष वाटेल. बांगलादेशातील ज्या खेड्यांत जुन्या सुती साडीच्या अनेक पदरी घडीतून पाणी गाळले जाऊ लागले, तेथे पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटले, असा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. वारंवार धुतलेल्या सुताचे तंतू फुलतात, छिद्रे लहान होतात, आणि पटकीचे जंतू ज्या सूक्ष्म जलचरांना चिकटलेले असतात ते त्यात अडकतात. सुटा जीवाणू मात्र कोणत्याच वस्त्रात अडकत नाही. त्याला पकडावयाचे तर प्रयोगशाळाच हवी.

प्रतिजैविक म्हणजे जीवाणूंना मारणारे किंवा त्यांची वाढ रोखणारे औषध. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ साली पेनिसिलिनचा शोध लागला, आणि १९४५ साली नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानात त्यांनीच इशारा दिला की, अपुऱ्या मात्रेत औषध घेतले तर जीवाणू मरण्याऐवजी त्याला सरावतील. घडले तेच. असंख्य जीवाणूंत एखाद्याच्याच अंगी औषधाला न जुमानण्याचा गुण असतो. औषधाने बाकीचे मरतात, तो उरतो, आणि मोकळ्या झालेल्या जागेत त्याचाच वंश विस्तारतो. त्यात पुन्हा हा गुण केवळ वारशाने मिळतो असे नाही. एक जीवाणू शेजारच्या परक्या जातीच्या जीवाणूलाही तो देऊ शकतो. गाईच्या आतड्यातील निरुपद्रवी जीवाणूने कमावलेला गुण अशा रीतीने माणसाच्या रोगजंतूपर्यंत पोहोचतो. दाद न देणाऱ्या जीवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा अंदाज २०२२ साली प्रसिद्ध झाला आहे.

जनावरांना ही औषधे दोन कारणांनी दिली जातात. पहिले कारण आजाराचे. कासेची दगडी, घटसर्प, चिघळलेल्या जखमा यांवर औषध द्यावेच लागते. दुसरे कारण निव्वळ नफ्याचे. धडधाकट कोंबड्यांच्या व डुकरांच्या खाद्यात थोडे थोडे औषध मिसळले की त्या लवकर वजन धरतात, हे विसाव्या शतकाच्या मध्यावर लक्षात आले आणि तो प्रघातच पडला. थोडे थोडे आणि रोज, म्हणजे फ्लेमिंग यांनी जे करू नका म्हटले होते नेमके तेच.

कोलिस्टिन या औषधाची कथा येथे थोडी विस्ताराने सांगणे योग्य ठरेल. हे जुने औषध मूत्रपिंडाला अपाय करते म्हणून माणसांच्या उपचारात मागे पडले होते. पुढे इतर औषधे निष्प्रभ होऊ लागली तेव्हा अत्यवस्थ रुग्णांसाठी शेवटचा उपाय म्हणून डॉक्टरांनी ते पुन्हा हाती घेतले. दरम्यान अनेक देशांत ते पशुखाद्यात सर्रास मिसळले जात होते. चीनमध्ये खाद्यासाठी पाळलेल्या प्राण्यांतील जीवाणूंची नियमित तपासणी चालू असताना डुकरांतील जीवाणू कोलिस्टिनला दाद देत नाहीत असे अधिकाधिक आढळू लागले. कारण शोधताना एक नवे जनुक सापडले, आणि ते एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जाणारे होते. नोव्हेंबर २०१५ मध्ये हे प्रसिद्ध झाले. २०१७ साली चीनने खाद्यातील कोलिस्टिन थांबविले, आणि जुलै २०१९ मध्ये भारत सरकारने अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांकरिता त्याच्या निर्मिती, विक्री व वापरावर बंदी घातली. त्या नियमित तपासणीत सातत्य नसते, तर हे जनुक आणखी किती वर्षे निमूटपणे पसरत राहिले असते याचा अंदाज करवत नाही.

मोजदाद उशिरा झाली की काय होते, याचा दाखला आपल्याच देशात आहे. तो जीवाणूंचा नसून गिधाडांचा आहे. पण गुरांना दिलेले औषध रानात कसे पोहोचते हे त्यातून स्वच्छ दिसते. भरतपूरच्या केवलादेव अभयारण्यात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी १९८०च्या दशकात गिधाडांच्या नोंदी केल्या होत्या. नव्वदच्या दशकात त्यांनी पुन्हा मोजले, तेव्हा संख्या कोसळलेली होती. आधीचा आकडा कागदावर होता म्हणूनच ही घट सिद्ध करता आली. गुरांच्या अंगदुखीवर दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे त्यामागचे कारण २००४ साली उघड झाले. हे औषध शरीरात असलेल्या मेलेल्या जनावराचे मांस खाल्ले की गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ साली पशुवैद्यकातील वापरावर बंदी आली, परंतु तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी हजारात एखादेच उरले होते. डायक्लोफिनॅक टोचणाऱ्यांपैकी कोणाच्याही मनात गिधाडांविषयी वैर नव्हते. त्यांना आपल्या बैलाची वेदना कमी करावयाची होती. दयेच्या कृत्याचेही दूरवरचे परिणाम असतात, आणि ते हिशेब ठेवल्यावाचून दिसत नाहीत.

आपला समाज व्यापाऱ्यांचा आहे. वर्षअखेर मालाची मोजणी केल्याखेरीज नफा-तोटा सांगणाऱ्या मुनिमावर कोणी विश्वास ठेवत नाही. डेन्मार्कने १९९५ साली हाच न्याय जीवाणूंना लावला. तेथे कोंबड्यांच्या खाद्यातील अव्होपार्सिन हे औषध बंद करण्यात आले, आणि त्याच वर्षी जनावरे, खाद्यपदार्थ व माणसे या तिन्ही ठिकाणच्या जीवाणूंची एकत्र नोंद ठेवणारी यंत्रणा उभी राहिली. त्या वर्षी कोंबड्यांतील एका विशिष्ट जीवाणूच्या नमुन्यांपैकी सुमारे ७३ टक्के नमुने या वर्गातील औषधांना दाद देत नव्हते. २००० साली हे प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास आले. औषध थांबविले तर नुकसान भरून निघू शकते, याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरा क्वचितच मिळेल.

भारतातही काम सुरू झाले आहे. २०१७ साली राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर झाला. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या साहाय्याने ‘इन्फार’ नावाचे प्रयोगशाळांचे जाळे उभारले असून, त्यात पशू व मत्स्य या दोन्ही क्षेत्रांतील जीवाणूंची एकाच पद्धतीने तपासणी होते. महाराष्ट्रात नागपूर येथे राष्ट्रीय ‘एक आरोग्य’ संस्थेची पायाभरणी ११ डिसेंबर २०२२ रोजी झाली. माणूस, पाळीव पशू व वन्यजीव यांच्या आरोग्याचा एकत्र विचार करणे, हे तिचे प्रयोजन. रत्नागिरीत १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे, आणि कोळंबी निर्यात करणाऱ्या येथील व्यावसायिकांना तपासणीचे महत्त्व निराळे सांगावयास नको. कोळंबीत निषिद्ध प्रतिजैविकाचा अंश सापडला की परदेशी बंदरातून माल परत येतो. परंतु औषधाचा अंश शोधणे वेगळे आणि दाद न देणारा जीवाणू शोधणे वेगळे. अंश काही दिवसांत निघून जातो. जीवाणू मागे राहतो.

तपासणीची रीत फारशी गूढ नाही. शेणाचा वा दुधाचा नमुना निर्जंतुक कुपीत घ्यावयाचा, बर्फावर ठेवून प्रयोगशाळेत न्यावयाचा. तेथे काचेच्या तबकडीत जीवाणू वाढवितात आणि वर निरनिराळ्या प्रतिजैविकांत भिजविलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवतात. औषध लागू पडत असेल तर टिकलीभोवती जीवाणू उगवत नाहीत व स्वच्छ रिंगण दिसते. रिंगणाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून निर्णय देतात. बहुधा ई. कोलाय हा जीवाणू निवडतात, कारण गाय, कोंबडी, माकड, कुरव, माणूस अशा सर्वांच्या आतड्यांत तो राहतो, आणि त्यामुळे तुलना करता येते.

खरी अडचण नमुना निवडण्यात आहे. कापडाची गाठ पारखताना वरचाच तागा पाहून सौदा करणारा फसतो. तसेच केवळ आजारी जनावरांचे नमुने घेतले तर चित्र वास्तवापेक्षा भयंकर दिसते, आणि केवळ निरोगी घेतले तर आजाऱ्याला कोणते औषध लागू पडेल ते कळत नाही. दोन्ही हवेत, त्याच ठिकाणचे हवेत, आणि दरवर्षी हवेत.

वन्य प्राण्यांचे महत्त्व येथे येते. कुरवाला कोणी इंजेक्शन देत नाही, कासवाला कोणी गोळी चारत नाही. त्यांच्या शरीरात दाद न देणारे जीवाणू सापडले, तर बहुतांशी ते माणसाच्या वस्तीतून आलेले असतात. सायबेरिया, अलास्का व ग्रीनलंड येथील उत्तर ध्रुवीय प्रदेशातील पक्ष्यांत असे जीवाणू आढळल्याचे २००८ साली प्रसिद्ध झाले. भूमध्य समुद्रातील कासवांतही ते मिळाले आहेत. आपल्या जिल्ह्यात चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून वेळास येथे कासवांच्या घरट्यांचे रक्षण केले, आणि जानेवारी २०२२ मध्ये वेळास व आंजर्ले येथे कासविणींच्या पाठीवर उपग्रह-यंत्रे बसविण्यात आली. ज्या प्राण्याला शास्त्रज्ञांचा हात असाही लागतो, त्याचा एक बोळा अधिक घेण्यास त्या जीवाला विशेष त्रास नाही. केवळ नमुन्यासाठी रानचा जीव पकडणे मात्र उचित वाटत नाही; विष्ठा गोळा करूनही पुष्कळ कळते.

आता आपल्या घरचा प्रश्न. १८३४ साली मुंबईत पांजरपोळ स्थापन झाली, तेव्हापासून आजारी व म्हाताऱ्या जनावरांचा सांभाळ ही आपल्या समाजाने आपली जबाबदारी मानली आहे. अशा ठिकाणी दुबळी जनावरे दाटीने राहतात, नवी नवी येत असतात, आणि औषधांचा वापर अटळपणे अधिक होतो. याविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. औषधाने सूक्ष्म जीव मरतात, तेव्हा ते देऊच नये, असे काहींचे म्हणणे. आणि जनावर जरा मलूल दिसले की टोचून टाकावे, अशी काहींची सवय. कासेला सूज येऊन ज्वराने तडफडणाऱ्या गाईला औषध नाकारणे ही अहिंसा म्हणता येणार नाही. दुसरीकडे, पशुवैद्याला न विचारता, दात्याने आणून दिलेल्या पेटीतील हाती लागेल ती कुपी टोचणे आणि दोन दिवसांत बरे वाटले म्हणून उपचार अर्धवट सोडणे हे पुढच्या शंभर गाईंचे औषध आजच संपविणे आहे. औषधदान करणाऱ्यांनी कुप्यांच्या पेट्यांऐवजी तपासणीचा खर्च उचलला, तर त्या दानाचा उपयोग अधिक दिवस टिकेल.

ट्रस्टच्या साहाय्याने चालणाऱ्या प्रत्येक गोशाळेत एक साधी वही असावी. तारीख, जनावराच्या कानातील बिल्ल्याचा क्रमांक, आजार, औषधाचे नाव, मात्रा, किती दिवस दिले, आणि गुण आला की नाही, एवढे रकाने पुरेत. दगडी झाल्यास पहिले औषध देण्यापूर्वीच दुधाचा नमुना काढून ठेवावा, म्हणजे अहवालाला अर्थ राहील. वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर, निरोगी जनावरांच्या शेणाचे नमुने आणि गोशाळेचे पाणी जेथे पऱ्ह्याला मिळते तेथील नमुना पशुवैद्यकीय प्रयोगशाळेकडे पाठवावा.

राहिले औषध दिलेल्या गाईचे दूध. कुपीवर किती दिवस दूध वापरू नये ते छापलेले असते, आणि छापलेले नसल्यास किमान सात दिवस थांबावे, असे २०१२ पासूनचा नियम सांगतो. असे दूध पुष्कळ ठिकाणी वाया जाऊ नये म्हणून वासरांना पाजले जाते. त्यातून वासराच्या पोटात औषध अल्प मात्रेत जाते आणि दाद न देणारे जीवाणू जन्मापासूनच तेथे घर करतात. ते दूध वासराला पाजू नये, पऱ्ह्यात ओतू नये. विहिरीपासून दूर, शेणखताच्या खड्ड्यात कुजू द्यावे, आणि किती दिवस दूध काढून टाकले त्याचीही नोंद त्याच वहीत करावी.

जय जिनेंद्र.