जमिनींतलें धन आणि कागदावरचे आंकडे

शेअरबाजाराची हवा गिरगांव-दादरच्या मध्यम स्थितींतल्या घरांस नवी नाहीं. परळ-लालबागच्या गिरण्यांचे भाग पूर्वीं कित्येकांनीं पेटींत जपून ठेवले. त्यांचे नातू आज खाणींच्या कंपन्यांचे भाग घेतात. गिरणी निदान डोळ्यांनीं पाहतां येई. जमिनीखालचें लोखंड कोणीं पाहिलें आहे? तेथें सारा भरंवसा एका अहवालावर.

उदाहरण घरचेंच घेतों. चांदा जिल्ह्यांत, म्हणजे हल्लींच्या चंद्रपुरांत, लोहारा येथें लोहखनिजाची टेकडी आहे. श्वार्ट्झ नांवाच्या जर्मन तज्ज्ञाचा तिजविषयींचा १८८२ सालचा अहवाल जमशेटजी टाटांच्या वाचनांत आला. खनिज उत्तम, शिवाय वरोऱ्याचा कोळसा जवळच. आणखी काय हवें? परंतु तो कोळसा जर्मनींत पाठवून पाहिला, तेव्हां लोखंडाच्या भट्टीस तो निरुपयोगी ठरला. पुढें १९०४ सालीं वेल्ड हे अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञ तेथें आले. त्यांनीं कसून पाहणी केली आणि मोठ्या कारखान्यास वर्षानुवर्षें पुरेल इतकें खनिज येथें नाहीं, असें सांगून टाकलें. शोध दुसरीकडे वळला, आणि प्रमथनाथ बोस यांच्या पत्रावरून अखेर मयूरभंजच्या डोंगरांपर्यंत पोंचला.

१९०७ सालीं या कारखान्याचें भांडवल मुंबईंत खुलें झालें, तेव्हां अवघ्या तीन आठवड्यांत सुमारें ८,००० हिंदी लोकांनीं तें उचललें. रक्कम १६ लक्ष ३० हजार पौंड. स्वदेशीच्या त्या भरांत लोकांनीं चांद्याच्या टेकडीवरहि पैसा ओतला असता, असें मला वाटतें. वेल्डसाहेबांच्या नकाराचें मोल त्यावरून ध्यानांत यावें.

हा विवेक आतां शास्त्राच्या भाषेंत बांधला गेला आहे. जमिनींत आहे असें मानण्यास सबळ आधार असून पुढें काढतां येण्याची वाजवी आशा आहे, तें 'संसाधन'. बाजारभाव, वाहतूक, पाणी, परवाने या साऱ्यांचा हिशेब करूनहि जें फायद्यानें काढतां येईल, तेवढाच 'साठा'. संसाधनाच्या पायऱ्या तीन: अनुमानित, दर्शित व मापित. पहिल्या पायरीवरून साठ्याचा आंकडा मांडावयाचा नाहीं, असा दंडक आहे. ऑस्ट्रेलियांत अशी संहिता १९८९ सालीं प्रसिद्ध झाली. भारताची २०१९ सालची आहे. हिशेबाची जबाबदारी नांवानिशीं घेणारा तज्ज्ञ त्याच जातीच्या खनिजाचा निदान पांच वर्षें अनुभव असलेला हवा, आणि चुकल्यास त्याला जाब विचारील अशा व्यावसायिक संस्थेचा सभासदहि हवा.

एवढी कडक शिस्त कशाला? ब्रे-एक्स या कॅनडाच्या कंपनीनें बोर्निओच्या अरण्यांत सोन्याची अफाट खाण सांपडल्याचा गाजावाजा केला होता. नमुन्यांच्या भुकटींत बाहेरचें सोनें मिसळलेलें होतें. खडकाच्या कांडीचा अर्धा भाग फेरतपासणीसाठीं राखून ठेवण्याची साधी रीतहि पाळली गेली नव्हती. कांड्या सबंधच कुटल्या जात. १९९७ सालीं स्वतंत्र तपासणी झाली आणि सारा डोलारा कोसळला. त्यांत शिक्षकांच्या निवृत्तिनिधीचाहि पैसा बुडाला.

आपल्याकडे रियासीचें लिथियम निराळें. तेथें कोणीं लबाडी केली नाहीं. ५९ लक्ष टन हा फेब्रुवारी १९२३ चा नव्हे, २०२३ चा आंकडा, आणि तोहि खनिजाचा, शुद्ध धातूचा नव्हे. भूगर्भ सर्वेक्षण खात्यानें तो 'अनुमानित' म्हणूनच जाहीर केला होता. पुष्कळ मथळ्यांतून नेमका तोच शब्द गळला. मार्च २०२४ मध्यें पुरेसे बोलीदार न मिळाल्यानें त्या क्षेत्राचा लिलाव रद्द झाला. तेव्हां एखाद्या कंपनीचें माहितीपत्रक हातीं आलें, तर प्रथम टनांचा आंकडा न पाहतां त्यापूर्वींचें विशेषण वाचावें, आणि मग शेवटच्या पानावरची सही कोणाची आहे तें पाहावें.