मागचा वायपर डुगडुगतोय? आधी दहाचा पाना आणा

पावसाळा तोंडावर आला की आपण छपराचे पत्रे बघतो, मसाल्यांना शेवटचं ऊन दाखवतो, छत्र्यांच्या काड्या दुरुस्त करून आणतो. ज्यांच्या घरी किंवा गटाकडे जुनी गाडी आहे, त्यांनी या यादीत आणखी एक काम घालावं. गाडीच्या मागच्या काचेवरचा वायपर हाताने हलवून बघावा.

आता तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या ताई आज गाडीचं काय सांगत बसल्या? त्याला कारण आहे. आपल्या गंगापूर रोडच्या पट्ट्यात, आनंदवल्लीपासून सोमेश्वर, गंगापूर आणि पुढे गिरणाऱ्यापर्यंत, आता बऱ्याच बायका माल पोचवायला जुनी गाडी वापरतात. पापड, चटण्या, नागलीची बिस्किटं यांची खोकी मागच्या सीटवर रचली की मधल्या आरशातून फक्त खोक्यांवरची काचेची पट्टी दिसते. तीही चिखलाने माखलेली असली तर गल्लीतून गाडी मागे घेताना मागे सायकलवरचं पोर आहे की मोकळी जागा, हे कळत नाही.

मागची काच इतकी घाण का होते, तेही सांगते. ज्या गाड्यांची पाठ उभी कापल्यासारखी असते, त्यांच्या मागे हवा भोवऱ्यासारखी फिरते आणि चाकांनी उडवलेला चिखल उचलून काचेवर आणते. लांब डिकीच्या गाड्यांची काच तिरपी असते, तिथे हा त्रास कमी. म्हणून मागचा वायपर बहुतेक आखूड गाड्यांनाच असतो.

आमच्या एका गटाच्या गाडीचा हा वायपर खडखड करायला लागला. पातं अर्ध्या काचेपर्यंत जायचं आणि थरथरत थांबायचं. गॅरेजवाल्याने वरवर बघून सांगितलं, मोटर गेली, नवीन टाकावी लागेल. बैठकीत तो खर्च आला तेव्हा सगळ्या गप्प झाल्या. कारण त्याच महिन्यात एका ताईने मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी अंतर्गत कर्ज मागितलं होतं आणि दोन्हींना पुरतील एवढे पैसे गटात नव्हते. गाडी चालवणारी ताई म्हणाली, "पैसे द्यायचेच आहेत तर आधी उघडून तरी बघू." तिच्या भावाकडून पाने आणले आणि डिकीचं दार उघडलं. मोटर चांगली होती. तिला धरून ठेवणाऱ्या तीन बोल्टांपैकी दोन सैल झाले होते आणि एका बोल्टाखालचं रबर चुरा झालं होतं. रबर आणि वायसर चहा-वड्याच्या पैशात आले. फीचं कर्ज त्याच बैठकीत मंजूर झालं.

तेव्हा आता नीट ऐका, शक्यतो कागद-पेन घ्या.

पहिलं काम म्हणजे दोष कुठे आहे ते ओळखणं. गाडी बंद ठेवून वायपरचा दांडा मुळाशी धरा आणि हळूच हलवा. फक्त दांडाच हलत असेल, तर त्याच्या बुडाच्या टोपणाखालचा नट सैल आहे. तो आवळला की बहुधा काम झालं. दांड्याबरोबर काचेतून किंवा पत्र्यातून बाहेर आलेली दांडीसुद्धा डुगडुगत असेल, तर आतली मोटर जागेवरून सुटली आहे. बटण दाबल्यावर मोटरचा आवाज येतो पण दांडी फिरत नाही, तर आतले दाते झिजलेले असतात. तिथे मोटरच बदलावी लागते. आणि आवाजच येत नसेल तर आधी फ्यूज बघा. मग डिकीच्या बिजागरीजवळ रबरी नळीतून जाणाऱ्या वायरी बघा. दार हजारदा वर-खाली होऊन त्या तिथेच तुटतात.

मोटर सुटली आहे असं ठरलं, की पुढचं काम. वायपर त्याच्याच बटणाने बंद करा, म्हणजे तो आपल्या थांबायच्या जागी येऊन थांबेल. मग चावी काढा आणि बॅटरीची वजा बाजूची वायर सोडा. पातं काचेवर जिथे थांबलंय तिथे चिकटपट्टी लावून खूण करा. ही खूण विसरू नका, शेवटी तीच उपयोगी पडते.

टोपण उचलून दांड्याचा नट काढा. बऱ्याच गाड्यांना दहाचा पाना लागतो, पण आपल्या गाडीचा मोजून घ्या. दांडा गंजून बसला असेल तर गंज सुटायचं तेल मारा, थोडा वेळ थांबा आणि डावी-उजवीकडे हलवत काढा. काचेवर टेकू देऊन स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका; काच फुटली तर मोटरपेक्षा महाग पडेल.

आता डिकी उघडा. जुन्या गाडीत डिकी वर धरणारे गॅसचे दांडे दमलेले असतात, म्हणून एकीने दार धरून उभं राहावं किंवा खाली बांबूचा टेकू द्यावा. आतलं प्लॅस्टिकचं झाकण आधी स्क्रूंनी बसवलेलं असतं. हात घालायच्या खाचेत आणि कडेला शोधा. स्क्रू निघाले की उरतात क्लिपा. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला कापड गुंडाळा आणि क्लिपेच्या अगदी जवळून उचला. जुन्या क्लिपा तुटतातच, चार-सहा आधीच आणून ठेवा.

मोटर दिसली की वायरीचा जोड दाबून सोडवा. वायर ओढू नका. मोटरच्या पट्टीचे बोल्ट एकेक करून तपासा. ज्याखालचं रबर कडक झालंय, चिरलंय किंवा चपटं झालंय ते बदला. जुनं रबर दुकानात नमुना म्हणून न्या. पट्टीला तडा असेल, किंवा बोल्ट नुसताच गोल फिरत असेल म्हणजे आटे गेले असतील, तर तिथे थांबा आणि गॅरेज गाठा. एम-सील भरून काम भागवू नका. हादऱ्याने ते पुन्हा सुटतं आणि पुढच्या वेळी उघडायला कठीण करून ठेवतं.

बोल्ट परत बसवताना तिन्ही आधी हाताने लावा, मग थोडे थोडे आळीपाळीने आवळा. एकच करकचून आवळला तर मोटर वाकडी बसते आणि रबर चेंगरतं. दांडी जिथून बाहेर येते तिथलं गोल रबर नीट बसलंय ना हे बोट फिरवून बघा. तिथून पाणी आत गेलं तर मोटर गंजते. दांडी काचेतूनच येत असेल तर बाहेरचा नट बेताचाच आवळा.

झाकण लावण्याआधी वायरीचा जोड आणि बॅटरी जोडा. दांडा न लावताच मोटर एकदा फिरवून बटणाने बंद करा. आता पातं खुणेवर ठेवून दांडा बसवा आणि नट आवळा. काचेवर पाणी ओतून मगच चालवून बघा. कोरड्या काचेवर वायपर ओढला की मोटरवर ताण येतो आणि पातं खराब होतं. आवाज गेला असेल तर झाकण लावा.

हे बायकांचं काम नाही असं कुणी म्हणालं, तर एक गोष्ट सांगा. काच पुसायचा वायपर ज्यांच्या नावावर नोंदला गेला, त्यात अमेरिकेतल्या मेरी अँडरसन या बाई होत्या. बर्फ पडत असताना न्यूयॉर्कमधल्या ट्रामचा चालक काच दिसत नाही म्हणून कसा हैराण होतो, हे त्यांनी पाहिलं आणि आतून हाताने फिरवायचा रबरी पात्याचा दांडा काढला. 1903 मध्ये त्यांना त्याचं पेटंट मिळालं. तेव्हा कंपन्यांनी तो घेतला नाही, बाईंना त्यातून पैसा मिळाला नाही. आज वायपरशिवाय गाडी रस्त्यावर येत नाही.

गॅरेजवाले सगळे फसवतात असं माझं म्हणणं नाही. मोटर खरंच जळलेली असेल तर बदलावीच लागेल. पण "उघडून दाखवा, काय गेलंय ते दाखवा, जुना भाग परत द्या," एवढं म्हणायला आपल्याला यायला हवं. गटाच्या पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र हिशोब लिहिण्याचं आहे. गाडी गटाची असेल तर तिचीही एक वही करा: काय बिघडलं, कुणी उघडलं, काय बदललं, किती खर्च आला, तारीख काय. पुढच्या वर्षी ज्या ताईच्या हातात चावी येईल, तिला ती वही कामाला येईल.

येत्या बैठकीत विषयांमध्ये "गाडी" हा एक विषय घ्या आणि पहिला मोठा पाऊस यायच्या आत मागचा वायपर हलवून बघा.