१५ हजारांत घरभर गाणं : रिसिव्हर घेताना नेमकं काय बघायचं?

आज मी बोलतोय सोनारीहून. भैरवनाथाची सोनारी, तालुका परांडा, जिल्हा धाराशिव. मध्येच पत्र्यावर धडधड ऐकू आली तर दचकू नका, आमच्या गावची माकडं आहेत.

आजचा विषय : कमी पैशांत घरी गाणी ऐकायची सिस्टीम लावायची, तर रिसिव्हर कोणता घ्यायचा? आमच्याकडे सध्या हेच चाललंय. बजेट १५ हजार, आणि पैसे वडील देणार, सोयाबीनच्या पट्टीतले. मी देतो म्हटलं तर ऐकत नाहीत. म्हणजे ‘नाही आवडला तर दुसरा घेऊ’ ही सोय नाही. त्यांच्याकडे भजनाच्या चाळीसेक कॅसेटी आहेत. दोन कॅसेटींत माझे चुलते पखवाज वाजवतात. ते आता नाहीत. मी मोबाईलवर ते रेकॉर्डिंग लावलं तर टाळ ऐकू येतात, पण पखवाजाची कणीक लावलेली बाजू येतच नाही. मोबाईलच्या एवढ्याशा स्पीकरला तेवढी हवा हलवताच येत नाही.

आधी शब्द स्पष्ट करू. ॲम्प्लिफायर म्हणजे बारीक सिग्नल मोठा करून स्पीकरला देणारा डबा. त्यात रेडिओचा ट्यूनर आणि वेगवेगळे इनपुट आले की त्याला रिसिव्हर म्हणतात. घरात आकाशवाणी ऐकली जात असेल तर ट्यूनर बघा. नसेल तर त्याचे पैसे वाचवा.

गावात पहिला सल्ला काय मिळतो? ‘देवळात आहे तसला अहुजा घे.’ अहुजाची मशीन दणकट असते, वाद नाही. पण देवळातली मशीन माईक आणि भोंग्यासाठी असते, आणि बहुतेक मोनो. घरातल्या डाव्या-उजव्या स्पीकरचं काम वेगळं.

दुसरा सापळा वॅटचा. खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘पीएमपीओ’ लिहिलेलं असतं. त्याला ठरलेलं मोजमापच नाही, कंपनी हवा तो आकडा छापते. आपण बघायचा तो आरएमएस, आणि तोही किती ओहमला दिलाय ते. छोट्या क्लास-डी ॲम्प्लिफायरला सोपी युक्ती : ॲडाप्टर उलटा करून वाचा. १२ व्होल्ट, २ अँपिअर? गुणाकार करा, २४ वॅट. आत २४ येतात तर बाहेर सतत २०० कुठून येणार? २४ व्होल्ट, ४.५ अँपिअर असेल तर १०८ वॅट, तेही दोन्ही चॅनल मिळून. दुकानदाराशी वाद घालायची गरज नाही, गुणाकार पुरतो.

आता खरी गरज किती? स्पीकरवर ‘सेन्सिटिव्हिटी ८८ डेसिबल’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे १ वॅट दिला की १ मीटरवर ८८ डेसिबल. वॅट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात. २ वॅटला ९१, ४ ला ९४, ८ ला ९७. आमची खोली साधारण १२ बाय १४ फूट. तिथे २०-३० खरे वॅट भरपूर झाले. रात्री १० नंतर तर शेजारचे लोकही आपल्याच गाण्यावर झोपणार आहेत, हे लक्षात ठेवा.

म्हणून माझा क्रम असा : आधी इनपुट, मग ओहम, शेवटी वॅट. वडिलांच्या जुन्या टू-इन-वनला फक्त हेडफोनचं भोक आहे. तिथून आरसीए इनपुटला वायर न्यायची, म्हणजे आरसीए हवाच. मोबाईलसाठी ब्लूटूथ. तुमच्याकडे रेकॉर्ड प्लेअर असेल तर ‘फोनो’ इनपुट बघा. सोनीच्या एसटीआर-डीएच१९० ला तो आहे, यामाहाच्या आर-एस२०२ ला नाही. आणि या दोन्हींना ऑप्टिकल इनपुट नाही, म्हणून टीव्हीला फक्त ऑप्टिकल आउटपुट असेल तर मध्ये वेगळा डॅक लागेल.

ओहम का? ८ ओहमचे दोन स्पीकर एकाच टर्मिनलला समांतर जोडले की ४ ओहम होतात. मशीन तेवढं सोसणारी नसेल तर तापते, बंद पडते, कधी जळते. स्पीकरच्या पाठीमागचा आकडा वाचूनच जोडा.

जुना माल घ्यायला हरकत नाही. जुने होम थिएटर रिसिव्हर स्वस्तात निघतात, कारण त्यांच्यातून ४के टीव्हीचं चित्र जात नाही. गाण्याला चित्र कशाला हवंय? पण अर्धा तास चालवून बघा. दोन्ही बाजू सारख्या वाजतात का, आवाजाचा खटका फिरवताना खरखर येते का, जळका वास येतो का. आणि मागच्या पट्टीवर २३० व्होल्ट लिहिलंय ना? परदेशातून आलेला १२० व्होल्टचा डबा थेट आपल्या बोर्डात लावला की संपला.

पैशांची वाटणी? माझ्या मते दोन तृतीयांश स्पीकरवर. कारण आवाजात सगळ्यात मोठा फरक तिथे पडतो. आमचं ठरलंय : नवा क्लास-डी ॲम्प्लिफायर, ब्लूटूथ आणि आरसीए असलेला, ट्यूनर नाही, कारण रेडिओ टू-इन-वनमध्ये आहेच. उरलेल्या पैशांत ८ ओहमचे बुकशेल्फ स्पीकर. आणि दुकानात जाताना वडिलांची एक कॅसेट मोबाईलवर उतरवून नेणार. डेमोचं गाणं कुठल्याही स्पीकरवर चांगलंच वाजतं. आपलं गाणं लावायचं आणि निर्णय वडिलांनी करायचा.

तुमच्या घरात जुना ॲम्प्लिफायर धूळ खात पडलाय? आज मागची पट्टी पुसून वाचा आणि व्होल्ट, ओहम, इनपुट आम्हाला लिहून पाठवा. नवीन घेण्याआधी त्याचं काय करता येईल ते बघू. भेटू पुढच्या भागात. राम राम!